सोरतापवाडीच्या नर्सरीवाल्यांकडून मागच्या अंगणात बाग करून घेतली, त्याचा रिव्ह्यू

घरच्या घरी अशी एक जागा हवी असेल जिथे बसलं की कुणाची नजर पडत नाही आणि आपण पुण्यात आहोत हेही तासभर विसरायला होतं, तर या लोकांना काम नक्की द्या. पैसे लागतात, थोडा पाठपुरावाही करावा लागतो, त्याबद्दल खाली लिहिलंय, पण कामाची समज एकदम पक्की आहे.

आमचं रो हाऊस, मागे साधारण बारा बाय वीस फुटांची मार्जिनची जागा, दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या खिडक्या आणि समोरच्या बिल्डिंगची पहिल्या मजल्यावरची बाल्कनी थेट आमच्या डोक्यावर. आधी एका लँडस्केपवाल्यांना बोलावलं होतं, त्यांनी भिंतभर व्हर्टिकल गार्डन आणि खाली आर्टिफिशियल लॉन सांगितलं, छान थ्रीडी चित्रही दाखवलं. मला ते पटलंच नाही. एप्रिल-मेच्या उन्हात त्या प्लास्टिकच्या गवतावर दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा म्हणजे कळेल का ते.

मग सोलापूर रोडला सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या पट्ट्यात चौकशी केली, तिकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. त्यातल्या एका नर्सरीचे दादा आणि वहिनी दोघं मिळून बागेची कामं घेतात. ते आले आणि वहिनींनी पहिलं काय केलं असेल तर घरातली प्लास्टिकची खुर्ची मागितली, जिथे आम्हाला बसायचंय तिथे ठेवली, स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, इथून तुम्हाला कोण कोण दिसतंय सांगा, म्हणजे तेवढंच झाकू." सगळ्या बागेचं डिझाईन या एका वाक्यावर उभं आहे आणि मला यांचं हेच सगळ्यात जास्त आवडलं! बसलेल्या माणसाचे डोळे चारेक फुटांवर असतात, त्यामुळे बाजूच्या खिडक्यांसाठी सहा-सात फुटांचा हिरवा पडदा पुरतो, चारी बाजूंनी कोंडून घ्यायची गरजच नाही. वरच्या बाल्कनीला मात्र पडदा चालत नाही, तिथे डोक्यावर छतच लागतं.

बाजूंना त्यांनी बारीक पानांचा, झुबक्याने वाढणारा हेज बांबू लावला. मी उलटा अशोक म्हणत होते कारण सगळीकडे तोच दिसतो, पण तो सरळ वर जातो आणि दोन झाडांच्या मधून आरपार दिसत राहतं. फायकसला तर दादांनी सरळ नाही म्हटलं, मुळं कंपाउंडच्या भिंतीत आणि ड्रेनेजमध्ये शिरतात म्हणून. बांबूचा कचरा मात्र बारा महिने पडतो हे आधीच माहीत असू द्या, रोज झाडावं लागतं. डोक्यावर लोखंडी पाईपची चौकट आणि त्यावर मधुमालती. ही चौकट स्वस्तातली करू नका, वेल दाट झाला आणि पावसात भिजला की प्रचंड जड होतो. मधुमालतीची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात आणि नंतर लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग असतात आणि खाली बसून ते बघत बसावंसं वाटतं.

सगळ्यात जास्त खर्च जमिनीखाली झाला आणि तो योग्यच होता. बिल्डरने मार्जिनमध्ये नुसता राडारोडा आणि मुरूम भरलेला असतो, त्यात काय झाडं जगणार? यांनी कडेच्या पट्ट्यात दोन फूट खणून ते सगळं काढलं, पोयटा माती, कुजलेलं शेणखत, भाताचं तूस आणि निंबोळी पेंड मिसळून भरलं. झाडांवर जाणारे पैसे वाटलं तर कमी करा पण यावर करू नका.

दुसरी मस्त गोष्ट म्हणजे वाट. जागा एवढीशी तरी दारातून बाकापर्यंत वाट सरळ नेली नाही, कुंतीच्या झाडाला वळसा घालून नेली, त्यामुळे दारात उभं राहून बाक दिसतच नाही. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान बघितलंय ना, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं, तिथे कसं चालता चालता एकेक भाग समोर येतो, तीच युक्ती. वाटेला मी गुळगुळीत शहाबादी मागितली होती, त्यांनी जांभ्याचे चिरे सुचवले कारण पावसात शेवाळलं की शहाबादीवरून माणूस घसरतो, घरात सासूबाई आहेत म्हटल्यावर मला ते लगेच पटलं.

पाण्यासाठी काळ्या दगडाची जुनी डोण मिळवून दिली, पूर्वी गुरांना पाणी पाजायला असायची तसली. छोटा पंप आहे आणि धार सहा-आठ इंचांवरून पडते, जास्त उंचीवरून पडली की शिंतोडे उडून पाणी संपतं. त्या आवाजाने मागच्या रस्त्याचे हॉर्न बरेच दबतात. कमळ हवं होतं पण तिथे ऊन कमी, फुलणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, विकायचं म्हणून गळ्यात मारलं नाही. डोणीत गप्पी मासे सोडलेत, ते डासांच्या अळ्या खातात. कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र आठवड्यातून एकदा ओतायलाच हव्यात, डेंग्यूचा डास तसल्याच साचलेल्या पाण्यात वाढतो.

वासाचा विचारही केलेला आहे. कुंतीला पाऊस पडून गेला की एकदम पांढरा बहर येतो आणि सगळं अंगण घमघमतं. रातराणी बाकापासून लांब कोपऱ्यात लावली कारण जवळून तिच्या वासाने काहींचं डोकं दुखतं. ईडलिंबूही आहे, मुद्दाम. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (2015 साली जाहीर झालं ते) लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, त्यामुळे पानं कुरतडलेली दिसली तरी आम्ही औषध मारत नाही.

आता तक्रारी. कोटेशनमध्ये माती आणि हमाली धरलेली नव्हती, ती नंतर वाढली आणि बऱ्यापैकी वाढली. त्यांनी आणलेल्या लाईटवाल्याने निळे-हिरवे एलईडी लावून ठेवले होते, ते मी काढायला लावले आणि पिवळसर, 2700 केल्विनचे चारच दिवे गुडघ्याच्या उंचीवर, खाली तोंड करून घेतले, किडेही पांढऱ्या लाईटपेक्षा कमी येतात. आणि पावसाळ्यात व्हॉट्सॲपला उत्तर वेळेवर मिळत नाही, बांबूची दोन रोपं सुकली होती ती बदलून मिळायला फार मागे लागावं लागलं, मिळाली पण फुकट.

पाचपैकी चार स्टार. बोलवायचं असेल तर मार्च-एप्रिलमध्येच बोलवा, खणणं आणि माती भरणं मेमध्ये उरकून घ्या आणि झाडं पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर लावा. माती, हमाली आणि मेलेलं रोप किती दिवसांत बदलून देणार हे तिन्ही कोटेशनवर लिहून घ्या, मगच ॲडव्हान्स द्या.