मनगटातली तीन हाडं काढायची की चार जोडायची?

पडताना माणूस हात टेकतो. सगळा भार तळहातावरून मनगटात जातो आणि अंगठ्याच्या बाजूचं काजूएवढं हाड, स्कॅफॉईड, मधोमध तडकतं. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ती तड पुष्कळदा दिसतच नाही. ‘लचकलंय’ म्हणून क्रेप बँडेज बांधलं जातं आणि पंधरा दिवसांत माणूस पुन्हा कामाला लागतो. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. जुनी माणसं त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढायची. तिथे दाबल्यावर कळ येते का, एवढं जरी तेव्हा कुणी बघितलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

या हाडाचा रक्तपुरवठा उलटा आहे. रक्त बहुतांशी बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि तिथून मागे कोपराच्या दिशेनं जातं. मधे तुटलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, म्हणून हे हाड जुळायला इतकं कुचराई करतं. न जुळलेल्या हाडावर माणूस वर्षानुवर्षं गाडी चालवतो, पोती उचलतो. मग मनगटाची रचनाच ढासळते, हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, म्हणजे कूर्चा, झिजते आणि एक दिवस दाराची कडी काढताना हातातून कळ निघते.

कूर्चा अजून शाबूत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्ही कमरेच्या हाडाचा तुकडा आणि स्क्रू घालून स्कॅफॉईड जुळवून घ्या, त्याला तोड नाही. झीज पसरली असेल, तर मात्र डॉक्टर दोन ऑपरेशनांची नावं घेतात: पीआरसी (प्रॉक्सिमल रो कार्पेक्टॉमी) आणि फोर कॉर्नर फ्यूजन. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही प्रकारचे हात प्लास्टर निघाल्यावर माझ्यासमोर येतात, त्यामुळे मी सांगते ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचं.

मनगटात आठ हाडं, दोन ओळींत. पीआरसीत कोपराकडच्या ओळीतली तीन, म्हणजे स्कॅफॉईड, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम, काढून टाकतात. दुसऱ्या ओळीतल्या कॅपिटेटचं गोल डोकं मग मागे सरकून रेडियसच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, खळग्यात बसतं आणि तोच नवा सांधा होतो. जुळायचं काही नसतं, पट्टी-स्क्रूही नसतात. फोर कॉर्नरमध्ये फक्त स्कॅफॉईड जातं. उरलेल्यांपैकी चार हाडं, ल्युनेट, कॅपिटेट, ट्रायक्वेट्रम आणि हॅमेट, तारा, स्क्रू किंवा गोल प्लेटनं एकमेकांना जखडून त्यांचं एकच हाड होऊ देतात. हालचाल उरते ती ल्युनेट आणि रेडियसच्या मधे, कारण ती जागा या आजारात बहुधा शेवटपर्यंत चांगली राहते.

पेशंट विचारून येतात, ‘पहिल्यात हालचाल आणि दुसऱ्यात ताकद, असंच ना मॅडम?’ कागदावर हो. पण गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावून मोजलं की फरक आठ-दहा अंशांचा निघतो, पीआरसीच्या बाजूनं. निरोगी मनगटाच्या साधारण निम्मी वर-खाली हालचाल दोन्हींत उरते. पकड दोन्हींत दुसऱ्या हाताच्या 70 ते 80 टक्क्यांच्या आसपास येते, तीही वर्षभर घाम गाळल्यावर. या दोन आकड्यांवरून निर्णय घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा फरक पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. पीआरसीवाल्याचं प्लास्टर तीन-चार आठवड्यांत निघतं आणि आम्ही लगेच हात हलवायला घेतो. फोर कॉर्नरवाल्याला हाड जुळेपर्यंत थांबावं लागतं, दोन महिने, कधी जास्त. आणि जुळलंच नाही तर? तेही घडतं. मग पुन्हा ऑपरेशन. म्हणून मी पहिल्याच भेटीत तंबाखूचं विचारते. ‘सिगरेट नाही हो ओढत’ म्हणणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी असते, बाया मशेरीला तर व्यसनात धरतच नाहीत. निकोटीन कुठल्याही वाटेनं गेलं तरी हाड जुळायला अडथळाच. ते सुटणार नसेल तर फोर कॉर्नरचा हट्ट धरू नये.

फोर कॉर्नरमध्ये आणखी एक बारीक गोम आहे. स्कॅफॉईडचा आधार गेल्यावर ल्युनेट मागच्या बाजूला कलंडलेलं असतं. ते सरळ करून मगच जोडावं लागतं. तसंच तिरकं जोडलं किंवा प्लेट थोडी वर राहिली, तर मनगट मागे वळवताना ती रेडियसच्या काठाला टेकते आणि हालचाल तिथेच थांबते. नमस्कार करून कोपरं वर उचलायला सांगितलं की तळहातांच्या टाचा कुठे सुटतात ते दिसतं. टेकणाऱ्या प्लेटवाल्याच्या त्या लगेच सुटतात आणि मी कितीही व्यायाम दिले तरी तो अडसर हटत नाही. हे काम हाताच्या सर्जननं करावं, असं म्हणते ते यासाठी.

मग पीआरसीच सोपी, असं वाटेल. पण कॅपिटेटचं डोकं आणि रेडियसचा खळगा एकमेकांसाठी घडलेले नाहीत, गोलाई जुळत नाही. वर्षांनुवर्षं घासून तिथे झीज होते. ती एक्स-रेत दिसते तितकी प्रत्येकाला दुखत नाही हे खरं, पण ऑपरेशनच्या वेळी पस्तिशीच्या आत असलेल्यांमध्ये पुढे बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. पंचविशीतला हमाल किंवा गवंडी असेल तर मी फोर कॉर्नरकडे झुकते, अर्थात तंबाखू सुटणार असेल तर. पन्नाशीतला दुकानदार, शिक्षिका, ज्यांना दोन महिने हात अडकवून बसणं परवडत नाही, त्यांना पीआरसी पुरते.

कुठला हात, हेही मोकळेपणानं बोला. डावं मनगट असेल तर दुचाकीचा क्लच दाबणं आणि शौचाला धुणं, दोन्हींचा प्रश्न येतो. धुताना मनगट आत वळवावं लागतं आणि लोक लाजून ते विचारतच नाहीत. जमिनीवर तळहात टेकवून उठणं दोन्ही ऑपरेशनांनंतर अवघडच जातं, मूठ टेकवून उठायची सवय आम्ही लावतो. पोळ्या लाटणं जमतं, पिळे घालून चादर पिळणं उशिरा जमतं.

यांपैकी जे केलं ते फसलं तर शेवटचा उपाय म्हणजे अख्खं मनगट कायमचं जखडणं. दुखणं बऱ्यापैकी थांबतं आणि पकड भक्कम राहते. हात पालथा-उताणा करता येतो, पण मनगट वाकत नाही. काही अवजड काम करणारे तर सुरुवातीलाच तेच मागून घेतात आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

खर्च प्लेट-स्क्रूमुळे फोर कॉर्नरचा जास्त. सरकारी योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आणि एक गोष्ट. पीआरसीला कॅपिटेटच्या डोक्यावरची कूर्चा चांगली हवी. ती एमआरआयमध्ये बरी वाटते आणि मनगट उघडल्यावर खरवडलेली निघते, असं होतं. तेव्हा सर्जन टेबलावरच बेत बदलतो. संमतीपत्रावर दोन्ही ऑपरेशनांची नावं लिहिलेली दिसली तर दचकू नका. एकच लिहिलेलं असेल, तर सही करण्याआधी दुसऱ्याचं विचारा.