गव्यांच्या कुरणासाठी टाकीवरचा ठिबक संच: खानापूरच्या माळावर किती उपयोगाचा?

बेळगावातल्या ठिबकच्या दुकानांत 'विजेशिवाय चालणारा संच' म्हणून जो माल मिळतो, त्याचं हे परीक्षण. संचात १००० लिटरची काळी टाकी, दोन मीटर उंचीचा अँगलचा स्टँड, एक इंची जाळीचा फिल्टर, ३२ मिमीची सबमेन (ओळींना पाणी वाटणारी जाड नळी), १६ मिमीची इनलाइन नळी (दर ४० सेंटीमीटरला आतच बसवलेला, तासाला ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारं तोंड), ग्रोमेट (नळीच्या भोकातली रबरी कडी), बॉल व्हॉल्व्ह, ओळीच्या टोकाला एंड कॅप आणि एक व्हेंच्युरी (पाण्यात खत ओढणारा तुकडा) एवढं येतं. विकला जातो परसबागेसाठी आणि भाजीसाठी. इथे तो तपासला आहे वेगळ्या कामासाठी: रानाला लागून असलेल्या मालकीच्या माळावर, दुष्काळी उन्हाळ्यात, गवे, सांबर आणि सशांसाठी गवताचा एक पट्टा जिवंत ठेवायला.

निकाल आधीच सांगतो. अडीच गुंठ्यांसाठी संच चांगला आहे. पाच गुंठ्यांना ओढाताण होते. काही दुकानांत 'अर्धा एकर आरामात भिजतो' असं सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, सुमारे २००० चौरस मीटर. तेवढ्यावर १००० लिटर पसरलं तर अर्धा मिलिमीटर पाणी होतं. एप्रिलच्या उन्हात हिरवं गवत दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी उडवतं.

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका बाहेरच्यांना पावसाचा तालुका वाटतो. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस ओततो हे खरं, पण जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि फेब्रुवारी संपता संपता माळ करपतो. त्यात पाऊस चुकला की बघायलाच नको. २०२३ साली कर्नाटकातल्या २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. अशा वर्षी रानातलं गवत लवकर संपतं आणि जनावर हिरव्याच्या मागे शिवारात उतरतं. ऊस तुडवला गेला की शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे, आणि फटाके, कुत्री, तारेतली वीज हे सगळं त्या जनावराच्या वाट्याला येतं तेही तितकंच वाईट आहे. रानाच्या बाजूला दोन-तीन गुंठे ओलं गवत राखल्याने हा प्रश्न मिटत नाही, पण गवताचं ठोंब जगलं तर पहिल्या वळवाला ते चार दिवसांत फुटतं, आणि त्या चार दिवसांना फार किंमत असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. हे सगळं स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरच करायचं. राखीव जंगलात किंवा भीमगड अभयारण्याच्या (घोषणा २०११) हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय नळी सोडा, गवताची काडीही लावायची नाही. पट्टा घरापासून, गोठ्यापासून आणि उसापासून लांब, रानाकडच्या कडेला हवा. गावची जनावरं तिथे सोडू नयेत; लाळ्या-खुरकत गुरांकडून गव्यांकडे जाऊ शकते.

आता मुख्य मुद्दा, दाबाचा. ठिबकच्या ड्रिपरवर छापलेला '४ लिटर' हा आकडा एक किलो दाबाचा, म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा असतो. या संचात टाकीचा तळ दोन मीटरवर आणि आत मीटरभर पाणी. साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणून टाकी भरलेली असताना तासाला साधारण सव्वादोन लिटर पडतं आणि तळाला आल्यावर पावणेदोन. हे कमी असलं तरी चालतं, फक्त हिशेब त्यावर करायचा. दुकानदाराने 'जास्त चांगली' म्हणून दाब-नियंत्रित ड्रिपरची नळी दिली तर घेऊ नका. त्या ड्रिपरचा पडदा नीट काम करायला अर्धा ते एक किलो दाब मागतो. टाकीवर तो कुठे जास्त देतो, कुठे देतच नाही.

अडीच गुंठ्यांची मांडणी अशी बसते: १५ बाय १७ मीटरचा तुकडा, १५ मीटरच्या २२ ओळी, दोन ओळींत ७५ सेंटीमीटर. एका ओळीत ३७ ड्रिपर. सगळ्या ओळी एका वेळी सोडल्या तर एक इंची फिल्टर आणि सबमेन मिळून दाब खातात आणि शेवटच्या ओळी कोरड्या राहतात. सबमेन मधोमध तोडून दोन बॉल व्हॉल्व्ह लावा, ११-११ ओळींचे दोन भाग करा. संचात व्हॉल्व्ह एकच येतो, दुसरा वेगळा घ्यावा लागतो. ही कंपन्यांची कंजुषी खटकते. एका भागाला ५०० लिटर पस्तीस-चाळीस मिनिटांत जातं. आज एक भाग, उद्या दुसरा. म्हणजे टाकी दोन दिवसांत संपते आणि गवताला गरजेच्या साधारण चाळीस टक्के पाणी मिळतं. वाढ होणार नाही, पानं टोकाला वाळतील, पण ठोंब मरणार नाही. दुष्काळात एवढंच मागायचं.

ही मापं जांभ्याच्या हलक्या जमिनीची आहेत, जिथे पाणी सरळ खाली जातं आणि ओल बाजूला पसरत नाही. अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीत ड्रिपर ५०-६० सेंटीमीटरवर चालतात आणि पाणी तीन-चार दिवसांआड दिलं तरी पुरतं.

स्टँड हा संचातला सगळ्यात कच्चा भाग आहे. भरलेली टाकी एक टन भरते. अँगल बारीक, आणि टाकीखाली नुसत्या चार पट्ट्या. उन्हात प्लास्टिक मऊ पडतं, पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत तळ खाली फुगतो आणि निपलच्या (टाकीला नळी जोडायच्या तोंडाच्या) कडेने चीर जाते. स्टँड घ्यायचाच असेल तर वर पूर्ण फळी किंवा पत्रा हवा, टाकीचा तळ सगळीकडे टेकला पाहिजे. पण खानापूर भागात बहुतेक ठिकाणी स्टँडची गरजच नसते. माळ उताराचा असतो. पट्ट्याच्या वरच्या अंगाला, दोन-अडीच मीटर चढावर, जांभ्याच्या चिऱ्यांचा सपाट ओटा करा आणि टाकी तिथे ठेवा. गव्याने अंग घासलं तरी हलत नाही. शिवाय पाण्याच्या टँकरचाही प्रश्न सुटतो: ट्रॅक्टरचा टँकर चार-पाच हजार लिटर आणतो आणि तुमच्या टाकीत मावतं हजार. ओट्यावर जागा असली की टाक्या शेजारी शेजारी ठेवून तळाला जोडता येतात. पाच हजार लिटर अडीच गुंठ्यांना दहा दिवस पुरतं.

ओट्यावरून नळी खाली आणताना तिला मध्ये कुठेही उंचवटा देऊ नका. वाटेत दगड आला की नळी त्यावरून नेण्याचा मोह होतो. त्या उंचवट्यात हवा अडकते आणि एवढ्या कमी दाबाला ती ढकलता येत नाही. वर टाकी भरलेली आणि खाली थेंब नाही, अशी तक्रार आली की आधी हेच बघावं. ओळी उताराला आडव्या, समपातळीत. उभ्या टाकल्या आणि वरच्या-खालच्या टोकात एक मीटरचा फरक असला तर खालचा ड्रिपर वरच्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त पाणी ओढतो.

फिल्टर १२० मेशचा येतो आणि तो ठीक आहे. भानगड पाण्याची आहे. जांभ्या पट्ट्यातल्या ज्या बोअरच्या पाण्यात लोखंड असतं, ते वर येताना स्वच्छ दिसतं आणि हवा लागली की तांबूस होतं. बंद पडलेला ड्रिपर ब्लेडने उभा चिरून बघा: आतल्या नागमोडी वाटेत गंजाच्या रंगाचा बुळबुळीत थर असतो, बोटाला चिकटणारा, सायीसारखा. तो फिल्टरमधून सहज निघून जातो आणि आत जाऊन जमतो. यावर उपाय टाकीतच करायचा. पाणी टाकीत पाइप बुडवून भरू नका, वरून धारेने पडू द्या म्हणजे लोखंड तिथेच बाहेर येतं; मग रात्रभर निवळू द्या. संचातलं निपल टाकीच्या अगदी तळाशी असतं आणि सगळा गाळ ओढून घेतं. दुसरं टँक निपल दहा सेंटीमीटर वर बसवा आणि तळाचं फक्त गाळ काढायला ठेवा. ८०-९० लिटर पाणी खाली राहतं, राहू द्या, आठवड्याने गाळासकट सोडा. त्याच दिवशी सगळ्या ओळींच्या एंड कॅप उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायचं. टाकी काळीच हवी. पांढऱ्या टाकीत उजेड शिरतो आणि पंधरा दिवसांत शेवाळ धरतं.

व्हेंच्युरी काढून ठेवा. तिला चालायला दाबातला जो फरक लागतो तो टाकीवर मिळत नाही, उलट वाटेत पाणी अडतं. बॅटरीवरचा टायमर लावायचा असेल तर आत बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा घ्या. सोलेनॉइडवाल्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) बहुतेक टायमरना किमान दाब लागतो आणि इथे ते उघडतच नाहीत. पाणी सोडण्याची वेळ सकाळी नऊच्या पुढे ठेवा. शेतीच्या सल्ल्यात संध्याकाळ सांगतात, पण गवे पहाटे आणि तिन्हीसांजेला चरायला येतात आणि त्या वेळी माणसाने तिथे नसावं. ठिबकला दुपारच्या उन्हाचा तोटा फार होत नाही, वर आच्छादन असेल तर आणखी कमी.

आच्छादन हवंच. उघडी नळी तहानलेल्या खारी आणि उंदीर कुरतडतात, साळींदर तर सरळ तुकडे करतं. मातीत पुरली तर वेगळीच अडचण येते: टाकी रिकामी झाली की नळीतलं पाणी खाली उतरताना ड्रिपर उलटे श्वास घेतात आणि ओली माती आत ओढतात. म्हणून नळी जमिनीवरच, वर चार बोटं वाळकं गवत, आणि सबमेनच्या सगळ्यात उंच जागी एक छोटा एअर व्हॉल्व्ह. वाळकं गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण, तेव्हा पट्ट्याभोवती तीन मीटरची जाळरेषा डिसेंबर-जानेवारीतच साफ करून घ्या. संचातली नळी जाड भिंतीची आहे, गव्याचं खूर पडलं तर चेपते आणि पुन्हा उठते. स्वस्त म्हणून पातळ ठिबक टेप घेतला तर तो एका रात्रीत फाटेल. रानडुकरं ओल शोधत उकरतात, त्याला नळीचा काही इलाज नाही. पट्ट्यापासून शंभरेक पावलांवर उघड्या पाण्याचं उथळ टाकं ठेवलं तर उपद्रव बराच कमी होतो. टाक्याची एक कड उतरती असू द्या, नाहीतर ससे आणि पाखरं बुडतात.

काय लावायचं यावरही संचाचं यश ठरतं. मारवेल आणि पवना ही इथलीच गवतं, बारमाही, चरलं तरी पुन्हा फुटणारी. मारवेलची मुळं असलेली ठोंबं जून-जुलैत लावायची आणि पहिला पावसाळा काटेरी फांद्यांचं कुंपण करायचं, कारण मूळ धरायच्या आत गवा तोंड लावतो तेव्हा सगळं ठोंबच उपटून येतं. जानेवारीत काटे काढून टाका. तार नको, कुठलीच. मार्चमध्ये बी पेरून या संचावर गवत उगवायचा प्रयत्न करू नका, पाणी आणि बी दोन्ही जातील. ज्वारी तर अजिबात नको. पाण्याच्या ताणातली कोवळी ज्वारी आणि ताणानंतर फुटलेले फुटवे यांत सायनाइडचं विष तयार होतं. त्याने गुरं दगावतात, गव्यांचंही तेच होईल. संकरित नेपियर पाणी पितं आणि सुबाभूळ रानभर पसरतं, दोन्ही टाळा.

बसवल्या दिवशी एक तपासणी करून घ्या, पैसे पूर्ण द्यायच्या आधी. टाकी भरा, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ओळीतल्या एकेका ड्रिपरखाली वाटी ठेवा आणि दहा मिनिटांनी मापा. साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास यायला हवं. सगळीकडे ३०० च्या खाली आलं तर फिल्टर किंवा उंची कमी पडते आहे; फक्त शेवटच्या ओळीत कमी आलं तर ग्रोमेट गळतं आहे किंवा सबमेनमध्ये ड्रिलचा भुसा अडकला आहे. भोकं पाडल्यावर सबमेन धुतल्याशिवाय ओळी जोडतात, ही बसवणाऱ्यांची नेहमीची घाई. पावतीवर टाकीची क्षमता, नळीची जाडी, ड्रिपरमधलं अंतर आणि व्हॉल्व्हची संख्या वेगवेगळी लिहून घ्या. नुसतं 'संच एक' लिहिलं की पुढे भांडायला जागा उरत नाही.

पाचापैकी साडेतीन गुण. एक गुण स्टँडचा गेला, अर्धा व्हॉल्व्ह आणि निपलचा. नळी आणि टाकी यांबद्दल तक्रार नाही.

मृगाचा पाऊस लागला की एंड कॅप उघडून नळ्या पूर्ण रिकाम्या करा, ओळीगणिक चिठ्ठी बांधून गुंडाळा आणि उंदरांच्या हाती लागणार नाहीत अशा टांगून ठेवा. फिल्टरची जाळी काढून ब्रशने धुऊन सावलीत वाळवा. टाकी ओट्यावरच राहू द्या, पण पाण्याने निम्मी भरून. रिकामी टाकी घाटमाथ्याच्या वाऱ्याने उडून दरीत जाते.