अपंगत्व पेन्शन नाकारली: विभागाकडे अपील की लवादाकडे अर्ज?

खानापूरकडचे आमचे एक काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. मेडिकल बोर्डाने रक्तदाबापोटी ३०% अपंगत्व मान्य केलं, पण शेरा मारला, 'सेवेशी संबंध नाही'. नकाराचं पत्र घड्या पडून पडून विरायला आलंय. विचारतात, "सैन्याच्याच विभागाकडे अपील करू, की सरळ कोचीच्या लवादाकडे जाऊ?"

खर्चात विभागीय अपील स्वस्त. अर्ज, कागदांच्या प्रती, रजिस्टर पोस्ट, झालं. कोचीच्या सशस्त्र दल लवादात (सैनिकांचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण; कर्नाटकातले दावे तिथेच जातात) वकिलाची फी आलीच, शिवाय बेळगावहून लांबचा प्रवास.

मुदत मात्र पाळाच. नकार मिळाल्यापासून ६ महिन्यांत पहिलं अपील. त्यावर ६ महिने उत्तर नाही आलं, तर लवादाचं दार उघडतं. लवादाच्या २००७ च्या कायद्याने आधी विभागाकडेच जावं लागतं, त्यामुळे 'सरळ कोची' सहसा जमत नाही.

खरा फरक आहे तो निकालात. विभागात बहुधा बोर्डाचाच शेरा परत येतो. लवादापुढे सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल कामी येतो: भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेतलाच धरायचा, उलट सिद्ध करायचं ते सरकारने. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र अपंगत्व पेन्शनचे नवे नियम लागतात. आणि उशीर करू नका हो, जुन्या दाव्यात थकबाकी बहुतेकदा ३ वर्षांचीच मिळते.

नकार ताजा असेल, किंवा एखादा कागदच राहून गेला असेल, तर अपील. अपील फेटाळलं गेलं असेल आणि भरतीची वैद्यकीय नोंद स्वच्छ असेल, तर कोची. काकांनी कालच पहिलं अपील पोस्टात टाकलं.