लंडनमध्ये रोजच्या फिरण्याला ट्यूब की बस?

मुलाकडे किंवा लेकीकडे महिना-दोन महिने राहायला लंडनला निघालेले माझ्या वयाचे बरेच जण हा प्रश्न विचारतात. ट्यूब म्हणजे तिथली भुयारी रेल्वे. मी दोन्ही भरपूर वापरल्या आहेत, आणि बहुतेक वेळा बायको बरोबर असायची. तिचे गुडघे दुखतात, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं मत बरंचसं त्या गुडघ्यांवरून बनलं आहे. एकट्या तरुण माणसाचं उत्तर कदाचित वेगळं येईल.

वेगाबद्दल वादच नाही. ट्यूबची एक गाडी गेली तर मध्य लंडनमध्ये दोन-तीन मिनिटांत दुसरी येते. हीथ्रो विमानतळावरून शहरात येताना तर बसचा विचारही करू नका. ट्यूबची पिकॅडिली लाइन स्वस्त पडते. २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन तिच्या दुपटीहून महाग आहे, पण वातानुकूलित आहे, सगळ्या स्टेशनांवर पायऱ्या न चढता फलाटावर पोहोचता येतं, आणि बरोबर दोन मोठ्या बॅगा असल्या की पैसे वसूल होतात. लांब पल्ल्याला, पावसात, किंवा नाटकाची वेळ गाठायची असेल तर मीही ट्यूबच धरतो.

माझं मन फिरलं ते गाडी बदलण्याच्या त्रासामुळे. हॅरी बेक यांनी १९३१ साली आखलेल्या नकाशावरून आजचा ट्यूबचा नकाशा आला. तो वाचायला इतका सोपा आहे, की दोन लाइन जिथे भेटतात तिथलं पांढरं वर्तुळ पाहून वाटतं, इथे उतरायचं, समोर जायचं, दुसरी गाडी पकडायची. प्रत्यक्षात त्या वर्तुळाच्या पोटात काय काय असतं ते नकाशा सांगत नाही. ग्रीन पार्कला लिफ्ट आहेत, तरी पिकॅडिलीवरून जुबिली लाइनवर जाताना लांबच लांब बोगदा तुडवावा लागतो. बँक आणि मॉन्युमेंट ही तर दोन वेगळी स्टेशनं आतून जोडलेली आहेत. सरकते जिने असतात, पण दोन सरकत्या जिन्यांच्या मध्ये कुठेतरी आठ-दहा साध्या पायऱ्या निघतात, आणि त्या नेमक्या गर्दीच्या तोंडावर असतात. मागून माणसं घाईने येत असतात, बायको कठडा धरून एकेक पायरी उतरते आहे, आणि पुढे वळल्यावर परत चढ. ‘अहो, अजून किती?’ या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं.

२७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येतं. नकाशावर त्यासाठी चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असतं. निळ्यावर पांढरी खुर्ची असेल तर थेट गाडीत शिरेपर्यंत पायरी नाही, पांढऱ्यावर निळी असेल तर फलाटापर्यंतच. घरातून निघण्यापूर्वी उतरायचं आणि बदलायचं, दोन्ही स्टेशनं तपासा. कव्हेंट गार्डनला लिफ्टसाठी रांग दिसली म्हणून जिन्याकडे वळू नका, १९३ पायऱ्या आहेत. आणि लेस्टर स्क्वेअरहून तिथे जायचं असेल तर ट्यूब कशाला? वरून चाललात तर पाच मिनिटांचा रस्ता आहे.

बसमध्ये हे काहीच नाही. रस्त्यावरून सरळ आत, पायरी नाही, पुढची आसनं वयस्करांसाठी, आणि पुढच्या स्टॉपचं नाव पाटीवर दिसतं, ऐकूही येतं. एक गोष्ट मात्र अंगवळणी पडावी लागते. मोठ्या चौकात एकाच नावाचे पाच-सहा स्टॉप असतात. ओळखायची खूण म्हणजे खांबाच्या माथ्यावरच्या लाल गोलातलं अक्षर. फोनने ‘स्टॉप एफ’ सांगितलं तर एफच शोधायचा, समोरचा जी उलट दिशेला नेतो. बस दिसली की हात दाखवा.

बस रखडते हे खरं. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर संध्याकाळी चालणारा माणूस पुढे जातो. म्हणून आम्ही सकाळी दहानंतर निघून चारच्या आत परतायचो, आणि मग वेळेचं फारसं जाणवायचं नाही. मी होतो तेव्हा बसचं भाडं अंतर कितीही असो १.७५ पौंड होतं, आणि पहिल्या टॅपपासून, म्हणजे चढताना यंत्राला कार्ड लावल्यापासून, तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे पैसे कापले जात नव्हते. चॉक फार्मजवळचं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर आम्ही असंच पाहिलं. ट्रफाल्गर स्क्वेअरवरून २४ नंबरने कॅम्डन टाउन, तिथून ३१ ने चॉक फार्म स्टेशन, मग रेल्वेवरचा पूल ओलांडून थोडं चालणं. ट्यूबच्या नॉर्दर्न लाइनने निम्म्याहून कमी वेळात झालं असतं, हे मान्य. फक्त गाडी एजवेअरची आहे ना हे पाटीवर बघा, कॅम्डनच्या पुढे फाटे फुटतात.

माझ्यापुरतं सांगायचं तर हीथ्रो आणि लांबचे पल्ले सोडून बाकी सगळं मी बसवर टाकेन. तुमचे गुडघे धड असतील आणि दिवस मोजके असतील, तर ट्यूबला नाही म्हणणार नाही. पहिल्या दिवशी ट्रफाल्गर स्क्वेअरवरून १५ नंबर घेऊन बघा. फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स, टॉवर ऑफ लंडन एका भाड्यात होतं.

काहीही निवडा, भाडं भरायचं कार्ड मात्र दोघांचं वेगवेगळं हवं. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, आणि ट्यूबला एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. एकाच खात्याचं कार्ड आणि त्यावर लावलेला फोन ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी तिकिटं असतात. सकाळी कार्ड किंवा फोन, ज्या वस्तूने टॅप केलं, दिवसभर तिनेच करायचं, म्हणजे दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा नीट लागू होते.