कार सीटची ट्रॉली: बोस्टन ते पुणे, एका आबाचा रिपोर्ट

एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करून बघतो. माझ्या नातीसाठी, चिऊसाठी, लेकीने बोस्टनला ही ट्रॉली मागवली तेव्हाही खोकं फोडल्याबरोबर मी ती पालथी घातली. खाली दोन चाकं, स्केटला असतात तशी पॉलियुरेथेनची, आत ६०८ नंबरचं बेअरिंग. बरं वाटलं. नाहीतर हल्ली प्रवासी बॅगांना प्लास्टिकच्या बुशवर फिरणारी चाकं लावतात, ती दुसऱ्या प्रवासातच रडायला लागतात.

वस्तू अशी आहे: ॲल्युमिनियमची चौकट, वर ओढायचा दांडा, खाली घडी होणारं फळकूट. लहान मुलाची कार सीट, म्हणजे पोराला बसवून गाडीत बांधायची ती खुर्ची, त्यावर ठेवायची, सीटच्याच पट्ट्याने दांड्याला आवळायची, आणि पोराला त्यात बसवून बॅगेसारखं ओढत न्यायचं. किंमत साधारण सत्तर डॉलर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत, आणि दिसायला अशाच ट्रॉल्या बऱ्याच नावांनी मिळतात.

मुळात कार सीट भारतात आणायचीच कशाला, यावरून आमच्याकडे आधी दोन दिवस वाजलं होतं. मी म्हणालो, अगं, तुला मांडीवर घेऊन आम्ही एसटीने कोल्हापूरला जात होतो, काय झालं तुला? ती वाद घालायची नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हीच हिशेब करा. पन्नासच्या स्पीडला गाडी आदळून थांबली, तर मांडीवरची चिऊ किती किलोची होते?"

आता हा हिशेब मला येतो. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर. हे एक दशांश सेकंदात शून्यावर आलं तर धक्का पृथ्वीच्या ओढीच्या चौदा पट. चिऊचं वजन साडेबारा किलो. म्हणजे तेवढ्या क्षणापुरतं माझ्या हातात पावणेदोनशे किलो. मी आयुष्यात गिअरबॉक्स उचललेत, पण ते चेन-पुलीने. गप्प बसलो. मुंबईहून पुण्याला रात्री टॅक्सीने यायचं होतं, आणि एक्स्प्रेस वेवर पन्नासने कोण चालवतं?

कायदाही आहे, बरं का. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं तर हजार रुपये दंड लिहिलेला आहे. २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टबद्दल घराघरात बोलणं झालं. मग गणपती गेले, नवरात्र आलं, विसरलो.

तर सीट न्यायची हे ठरलं. कशी, हा खरा प्रश्न.

गेल्या खेपेला चिऊ सव्वा वर्षाची होती. तेव्हा सीट पातळ पिशवीत घालून सरळ सामानात दिली होती. बहुतेक कंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत, म्हणून बरं वाटतं. मुंबईला सगळ्या बॅगा आल्या, सीट नाही. तासाभराने कळलं की मोठ्या आकाराचं सामान वेगळ्या ठिकाणी येतं आणि ती कधीचीच तिथे येऊन पडली आहे. पिशवी फाटलेली, तळाला ओरखडे. ओरखड्यांचं काही नाही. पण या सीटच्या कडेला आतून थर्मोकोलसारखा फोमचा थर असतो, धक्का तो खातो. त्याला तडा गेला तर वरच्या कापडामुळे दिसत नाही. मी कापड काढून बोटं फिरवून पाहिलं, तर एका कोपऱ्यात भेग. ती सीट टाकून दिली. विमान कुठलं हे सांगण्यात अर्थ नाही. पट्ट्यावरून सामान फेकणारे हात सगळीकडे सारखेच.

दुसरा उपाय पाठीवरच्या बॅगेचा. तो मीच करून पाहिला, घरातल्या घरात. सीट हलकी आहे, पण तिचा आकार असा की पाठीला भोपळा बांधल्यासारखं होतं. वळलो की फ्लॉवरपॉट, पुन्हा वळलो की जावयाचा चष्मा. शिवाय पोरगी मोकळीच राहते, म्हणजे एकाने सीट उचलायची आणि दुसऱ्याने पोरीच्या मागे धावायचं. नापास.

तिसरा उपाय केअर्स नावाचा पट्टा. अर्धा किलोचा प्रकार आहे. विमानाच्या सीटच्या पाठीवरून अडकवायचा, म्हणजे मुलाच्या खांद्यांवरून दोन पट्टे येतात. अमेरिकेच्या विमान खात्याची मान्यता आहे, दहा ते वीस किलोच्या मुलासाठी. लेकीच्या मैत्रिणी त्याच्यावर खूश आहेत आणि वस्तू चांगलीच आहे. पण तो फक्त विमानात चालतो, गाडीत नाही. आणि आमची भीती विमानाची नव्हती, बोरघाटाची होती. मुंबईत उतरल्यावर तो पट्टा पिशवीत ठेवून मी पोरीला मांडीवर घेणार असेन, तर मग दोन दिवसांचं भांडण कशाला केलं?

म्हणून ट्रॉली.

ट्रॉलीवर चढवली ती सीट कॉस्को सीनेरा नेक्स्ट. प्रवासाला हीच घ्या असं लेकीला तिथल्या आयांनी सांगितलं होतं, आणि कारण सरळ आहे: वजन साडेचार-पाच किलो, किंमत पन्नास-साठ डॉलर, रुंदी विमानाच्या सीटमध्ये मावेल एवढी. मागे तोंड करून अठरा किलोपर्यंतचं मूल बसतं. आणि बाजूला लाल अक्षरांत लिहिलेलं आहे की गाडीत आणि विमानात दोन्हीकडे वापरायला प्रमाणित. त्या लाल अक्षरांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. हवाईसुंदरीला सीट फिरवून दाखवण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं. आम्हाला विचारलं गेलं, आणि फोटोवर काम झालं.

बोस्टनच्या लोगन विमानतळावर पहिली परीक्षा. सिक्युरिटीला सीट ट्रॉलीवरून सोडवावी लागते. सीटही त्या एक्स-रे यंत्रातून जाते, मावली नाही तर हाताने तपासतात. आमची मावली, उलटी घातल्यावर. सोडवून परत बांधायला मला चार मिनिटं लागली आणि मागच्या माणसाने उसासा टाकला. दोहाला तेच काम दीड मिनिटात झालं. युक्ती अशी की पट्ट्याचा हुक आधी दांड्याच्या खालच्या नळीला अडकवायचा, सीट गुडघ्याने दाबायची आणि मग पट्टा ओढायचा. उभ्याने ओढाल तर ढिलाच राहतो.

चिऊला काय आवडलं म्हणाल तर ती उलटी बसते. मी पुढे ओढत चाललेला, ती मागे तोंड करून. येणाऱ्या प्रत्येकाला टाटा. दोहाच्या विमानतळावर ते भलंमोठं पिवळं अस्वल आहे, डोक्यातून दिवा निघालेलं. त्याच्यापासून लांब जाताना ते दिसेनासं होईपर्यंत ती त्याच्याशी बोलत होती. गुळगुळीत फरशी, चाकांचा आवाज नाही, एका हाताने ओढा. तिथे ट्रॉलीला दहापैकी दहा.

विमानात शिरताना मात्र ट्रॉली घडी करून वर ठेवायची आणि सीट डोक्यावर धरून रांगेतून न्यायची. खांद्याखाली धरली की दोन्ही बाजूंच्या लोकांना लागते. खिडकीची जागा आधीच मागून घ्यावी, कारण सीट कुणाच्या बाहेर पडायच्या वाटेत येता कामा नये. विमानात आम्ही पुढे तोंड करून लावली, म्हणजे पुढच्याला त्याची खुर्ची मागे पाडता येते.

आता खास वर्कशॉपवाल्याची सूचना. विमानाचा बेल्ट सीटच्या पाठीतून ओवला की त्याचं ते लोखंडी बक्कल नेमकं पोराच्या पाठीशी येतं आणि टोचतं. शिवाय वर उचलायची पट्टी आतल्या बाजूला वळली तर उतरताना उघडतच नाही. लावण्याआधी बक्कलला अर्धा पीळ द्या, म्हणजे ती पट्टी हाताला येईल अशी राहते. टोचतं तिथे चिऊचं स्वेटर घडी करून कापडाखाली घातलं. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्या विमानातून उतरताना पंधरा मिनिटं झटापट केली तेव्हा कळली.

मुंबई. टर्मिनल दोन. इथे ट्रॉलीने मान टाकली. या टर्मिनलमध्ये दूरवर गालिचा घातलेला आहे, दिसायला सुंदर, पण एवढुशा चाकांना तो म्हणजे नांगरलेलं शेत. बारा किलोची पोरगी, पाच किलोची सीट, आणि दांड्याला मी शहाणपणाने अडकवलेली दुधाच्या बाटल्यांची पिशवी. मध्येच चिऊ उतरली, आणि दांडा हातातून सुटताच ट्रॉली पिशवीच्या वजनाने धाडकन मागे कोसळली. पोरगी आत असती तर? हा दोष ट्रॉलीचा अर्धा आणि माझा अर्धा. ब्रेक नाही, मागे टेकायला पाय नाही. दांड्याला काही अडकवू नका आणि पोर आत असताना दांडा सोडू नका. सरकत्या जिन्यावर तर नाहीच नाही, लिफ्टची रांग कितीही लांब असो. गालिच्याच्या धक्क्यांनी पट्ट्याचा हुकही दोनदा ढिला झाला. यासाठी मी दीड गुण कापतो: पाचपैकी साडेतीन.

पार्किंगमध्ये टॅक्सी उभी. डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी. बॅगा वर कॅरियरवर गेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "काका, ही खुर्ची पण वर टाकू का?"

मी म्हटलं, "अरे, ती खुर्ची आत, आपण वर बसू हवं तर."

मागच्या सीटला झक्कास रेक्झिनचं कव्हर, आणि बेल्टची बक्कलं त्या कव्हराच्या खाली गडप. ड्रायव्हरने ती कधी पाहिलीच नव्हती. दोघांनी मिळून कव्हर उसवलं. आतून दोन बक्कलं, एक पाच रुपयांचं नाणं आणि बरेच शेंगदाणे निघाले. गाडीला आयसोफिक्सच्या, म्हणजे अशी सीट थेट अडकवायच्या, कड्या नव्हत्या. त्या असत्या तर प्रश्नच नव्हता, अमेरिकन सीटचे हुक त्यांना लागतात.

मग बेल्टनेच बांधायची. अमेरिकेत गाडीचा मागचा बेल्ट पूर्ण बाहेर खेचला की आत जाताना कटकट करत एकेक दाता पकडतो आणि तिथेच लॉक होतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट फक्त झटका बसल्यावर लॉक होतो, एरवी सैल. माणसाला ते चालतं. सीटला चालत नाही, ती प्रत्येक वळणावर हलत राहते. त्यासाठी एच आकाराची एक लोखंडी क्लिप मिळते, खिळ्याच्या किमतीची. बेल्टच्या जिभेपासून इंचभर अंतरावर कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे तिच्यात एकत्र अडकवायचे, मग लांबी हलत नाही. ही क्लिप मी बोस्टनहून खिशात घालून आणली होती. सीट बांधली, पट्ट्याच्या जागी धरून जोर लावला, इंचभरही सरकली नाही. गाडीत मागे तोंड करून लावली, त्या बाजूने मान सांभाळली जाते. लेकीने हात फिरवून पाहिलं आणि काही बोलली नाही. म्हणजे पास.

खालापूरच्या फूड मॉलला वडा खाल्ला, चिऊ झोपलेलीच. घाटात एका ट्रेलरने बिनसिग्नल लेन बदलली आणि आमच्या माणसाने करकचून ब्रेक मारला. माझं डोकं पुढच्या सीटला लागलं, कारण दोन तास सीटचं प्रवचन देऊन मी स्वतः बेल्ट लावला नव्हता. चिऊ जागीसुद्धा झाली नाही. लेक आरशातून माझ्याकडे बघत होती. बेल्ट लावला.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली पालथी घातली. गालिच्याचे धागे आसात गुंडाळलेले आणि डावं बेअरिंग किरकिरत होतं. बोहरी आळीत जाऊन नवीन ६०८ आणलं आणि दुपारच्या चहाच्या आत बसवलं. मागे टेकायला दोन इंचांचा रबरी पाय लावला, पत्र्याची पट्टी वाकवून. कंपनीने हे काम मुळातच केलं असतं तर साडेचार गुण दिले असते.

लेक महिनाअखेर परत जाणार. तोवर ट्रॉली आमच्या हिच्या ताब्यात आहे. काल तिच्यावरून दहा किलो गहू गिरणीत गेला आणि पीठ होऊन परत आला. चाकं आवाज करत नाहीत.