ब्रिटपॉपची सुरुवात कुठून करावी: ओएसिस, ब्लर, पल्प की स्वेड?

एकच अल्बम निवडायचा असेल तर पल्पचा ‘डिफरंट क्लास’ घ्या. अर्थात हे उत्तर सगळ्यांना लागू पडणार नाही. गाणं ऐकताना तुमचं लक्ष आधी शब्दांकडे जातं, चालीकडे जातं की गिटारच्या आवाजाकडे, त्यावर निवड बदलते. १९९३ ते १९९७ या काळात इंग्लंडमध्ये ब्रिटपॉप या एका नावाखाली गिटारवर आधारलेलं जे काही पॉप-रॉक संगीत खपलं, त्यातले चार मोठे बँड एकमेकांपासून फार वेगळे आहेत. एक आवडला नाही म्हणून बाकीचे सोडून दिले तर नुकसान आपलंच. बहुतेकांचं नेमकं तेच होतं. ‘वंडरवॉल’ इतक्यांदा कानावर पडलेलं असतं की त्याचा वीट येतो, आणि ब्रिटपॉप म्हणजे एवढंच असं वाटून पुढे काही ऐकलंच जात नाही.

ब्लर विरुद्ध ओएसिस या भांडणावरूनही ठरवू नका. १४ ऑगस्ट १९९५ रोजी दोघांची सिंगल्स (अल्बमबाहेर सुटी विकली जाणारी गाणी) एकाच दिवशी बाजारात आली. ब्लरच्या ‘कंट्री हाउस’च्या त्या आठवड्यात सुमारे २ लाख ७४ हजार प्रती खपल्या, ओएसिसच्या ‘रोल विथ इट’च्या २ लाख १६ हजार. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं, पण दोन्ही गाणी आपापल्या बँडच्या दहा उत्तम गाण्यांतही बसणारी नाहीत.

ओएसिस: पहिला अल्बम की दुसरा?

लोक बहुधा दुसऱ्यापासून, म्हणजे ऑक्टोबर १९९५ च्या ‘मॉर्निंग ग्लोरी’पासून सुरुवात करतात. ‘वंडरवॉल’, ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’ आणि साडेसात मिनिटांचं ‘शॅम्पेन सुपरनोव्हा’ त्यात आहे, त्यामुळे ते साहजिक आहे. चाली एकदा ऐकल्या की डोक्यात बसतात. चालीसाठी गाणं ऐकणाऱ्याने हाच घ्यावा.

त्याची अडचण आवाजाची आहे. मास्टरिंग करताना, म्हणजे विक्रीपूर्वी आवाजावर शेवटचा हात फिरवताना, हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबून सगळं एकसारखं मोठं केलेलं आहे. साध्या इअरफोनवर अर्ध्या तासात कान शिणतात, आणि दोष गाण्यांचा वाटू लागतो. आवाज नेहमीपेक्षा दोन घरं खाली ठेवा, इक्वलायझरवर ट्रेबल वाढवू नका. शक्य असेल तर स्पीकरवर ऐका. खोलीत हा अल्बम बराच मोकळा वाटतो.

ऑगस्ट १९९४ चा ‘डेफिनेटली मेबी’ मला सरस वाटतो. तो ध्वनिमुद्रित कसा झाला हे कळलं की त्याचा आवाज असा का आहे तेही कळतं. वेल्समधल्या मॉनो व्हॅली स्टुडिओत केलेलं पहिलं काम बेचव झालं. प्रत्यक्ष कार्यक्रमातला जोर त्यात उतरलाच नव्हता, म्हणून ते बाजूला ठेवलं. मग कॉर्नवॉलमधल्या सॉमिल्स स्टुडिओत सगळे एका खोलीत एकत्र वाजवायला बसले. वर बँडचा गिटारवादक आणि गीतकार नोएल गॅलाघरने गिटारचे थर चढवले आणि शेवटी ओवेन मॉरिसने मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, त्यातले बरेच काढून टाकले. उरली ती गिटारची जाड भिंत आणि तिच्यापुढे नोएलचा भाऊ, गायक लियमचा ताणलेला आवाज. ‘लिव्ह फॉरएव्हर’, ‘सुपरसॉनिक’ आणि ‘स्लाइड अवे’ ही तीन गाणी आधी ऐका. ‘स्लाइड अवे’ने पकड घेतली नाही, तर ओएसिस तुमच्यासाठी नाही असं खुशाल समजा.

गिटार शिकणाऱ्यांसाठी मात्र ‘वंडरवॉल’ला पर्याय नाही. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावा. करंगळी आणि अनामिका सर्वांत बारीक दोन तारांवर, कॅपोपासून तिसऱ्या घरात, ठेवा आणि कडव्यांत तिथून हलवू नका. बाकीची दोन बोटं इ-मायनर-सेव्हन, जी, डी-सस-फोर आणि ए-सेव्हन-सस-फोर या चार कॉर्डमध्ये फिरतात. नवशिके प्रत्येक कॉर्डला सगळी बोटं उचलतात आणि साधा डी वाजवतात. मग गाणं ओळखू येतं, पण मूळचा गुंजत राहणारा आवाज येत नाही, कारण त्या दोन तारांवरचे स्वर मध्येच तुटतात.

या गाण्याचं नावही मुंबईला जोडलेलं आहे. ते बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या १९६८ च्या चित्रपट-संगीतावरून घेतलं आहे. त्याचा बराच भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, त्यात संतूर शिवकुमार शर्मांचं आणि सरोद आशिष खाँचं आहे.

पल्प: शब्दांसाठी

जार्विस कॉकरने शेफील्डमध्ये हा बँड १९७८ मध्ये सुरू केला. ‘डिफरंट क्लास’ आला ऑक्टोबर १९९५ मध्ये. इतकी वर्षं कोणी फारशी दखल न घेतलेला माणूस लिहितो तेव्हा त्याच्या लिखाणात काय येतं, ते या अल्बममध्ये दिसतं. वर्गभेद, परक्या घरांतले दिवाणखाने, फसलेली प्रेमं, सूड. ओएसिसच्या ओळी अर्थासाठी वाचायला गेलात तर निराश व्हाल. पल्पच्या ओळी वाचल्या नाहीत तर अर्धं गाणं हातचं जाईल.

‘कॉमन पीपल’ दोन रूपांत मिळतं आणि इथे हमखास चूक होते. रेडिओसाठी कापलेलं रूप चार मिनिटांच्या आसपास आहे. त्यातून नेमकं सर्वांत जळजळीत कडवं गेलं आहे, ज्यात गरिबीची हौस करणाऱ्या श्रीमंत मुलीवरचा राग उघडा पडतो. अल्बममधलं रूप ५ मिनिटं ५० सेकंदांचं. तेच ऐका. लय हळूहळू वाढत जाते. कँडिडा डॉइलचा फार्फिसा ऑर्गन सुरुवातीला खेळण्यातल्यासारखा वाटतो आणि शेवटी त्याच स्वरांवर सगळा बँड तुटून पडतो. ही चढण कापलेल्या रूपात पुरी होतच नाही.

अल्बमच्या आतल्या कागदावर अशी विनंती छापलेली आहे की गाणी ऐकताना शब्द वाचू नयेत. पहिल्यांदा ती पाळा. नंतर शब्द शांतपणे वाचा आणि मग पुन्हा ऐका. कॉकर कुजबुजतो, श्वास टाकतो, बोलतो आणि अचानक गातो. डोळे कागदावर असले तर हे निसटतं. ‘कॉमन पीपल’, ‘डिस्को २०००’ आणि ‘समथिंग चेंज्ड’ लगेच आवडतील. ‘आय स्पाय’ला वेळ द्यावा लागतो, पण पल्प म्हणजे काय ते त्यातच आहे. घरात लहान मुलं असतील तर हेडफोन लावा, विषय मोठ्यांचे आहेत.

ब्लर: वैविध्य हवं असेल तर

एप्रिल १९९४ च्या ‘पार्कलाइफ’मध्ये १६ गाणी आहेत आणि एकही दुसऱ्यासारखं नाही. डिस्कोचा ठेका, पंक, वॉल्ट्झ, तंतुवाद्यांचा ताफा, सगळं आहे. १९९५ च्या ब्रिट या ब्रिटनमधल्या संगीत पुरस्कारांत ब्लरला चार पुरस्कार मिळाले. तरीही भारतातल्या नव्या श्रोत्याला मी हा पहिला सुचवणार नाही. यातली माणसं, सुट्ट्या, रस्ते अस्सल इंग्लिश आहेत. संदर्भ माहीत नसले तर ‘पार्कलाइफ’ हे शीर्षकगीत, ज्यात फिल डॅनियल्स हा नट बोलतो, नुसतं गमतीचं वाटून मागे पडतं.

क्रमाने ऐकून कंटाळा आला तर पहिली तीन गाणी, मग थेट नववं ‘टू द एंड’ आणि पंधरावं ‘धिस इज अ लो’ घ्या. या शेवटच्याचा संदर्भ एकदा कळला की गाणं उघडतं. बीबीसी रेडिओवर किनाऱ्याभोवतीच्या समुद्रातल्या हवामानाचा अंदाज एका ठरावीक, संथ सुरात वाचला जातो, त्यातली सागरी भागांची नावं गायक डेमन अल्बर्नने शब्दांत ओवली आहेत. गिटारवादक ग्रॅहम कॉक्सनने त्यात गिटारचे वेगवेगळे सोलो एकावर एक रचले आहेत. संपूर्ण ब्रिटपॉपमधलं याहून सुंदर गिटारवादन मला माहीत नाही. ज्यांना ब्लर फक्त ‘साँग २’मुळे माहीत आहे त्यांनी लक्षात ठेवावं की ते गाणं १९९७ च्या ‘ब्लर’ या अल्बममधलं आहे. तोवर बँड अमेरिकी गिटारसंगीताकडे वळला होता.

स्वेड: तीन अल्बम, तीन वेगळे श्रोते

हा सगळा काळ सुरू झाला तो बऱ्याच अंशी स्वेडमुळे. मार्च १९९३ चा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला आणि वर्षातल्या उत्तम अल्बमला दिलं जाणारं मर्क्युरी पारितोषिकही त्या वर्षी त्यालाच मिळालं. दुसरा, ‘डॉग मॅन स्टार’, १९९४ चा. काम पुरं होण्याआधीच गिटारवादक बर्नार्ड बटलर बँड सोडून गेला. हा अल्बम काळोखा आहे, लांबलचक आहे, त्यातलं ‘द अ‍ॅस्फाल्ट वर्ल्ड’ नऊ मिनिटांच्या वर जातं, आणि मिक्सिंग थोडं गढूळ आहे. मन लावून ऐकणाऱ्याला मात्र चारही बँडांच्या कामांत हाच सर्वांत खोल वाटेल, विशेषतः ‘द वाइल्ड वन्स’ आणि ‘स्टिल लाइफ’.

घाईत असाल तर १९९६ चा ‘कमिंग अप’ घ्या. दहाच गाणी, आणि त्यातली पाच ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेली. गिटार आता रिचर्ड ओक्सकडे होती, जो बँडमध्ये आला तेव्हा १७ वर्षांचा होता. गायक ब्रेट अँडरसनचा उंच, नाटकी आवाज हीच स्वेडची कसोटी आहे. ‘ट्रॅश’ ऐकून तो खटकला तर पुढे जाऊ नका. अमेरिकी आवृत्त्यांवर बँडचं नाव ‘द लंडन स्वेड’ असतं, ती नक्कल नव्हे.

चाळीस मिनिटांच्या आतबाहेर सगळं संपायला हवं असेल तर १९९५ चे दोन अल्बम आहेत: इलास्टिका बँडचा ‘इलास्टिका’ आणि सुपरग्रासचा ‘आय शुड कोको’. दुसऱ्यात नुसता उत्साह आहे. पहिला कोरडा, तुटक आणि फार हुशार आहे. त्यातल्या ‘कनेक्शन’च्या सुरुवातीवरून वायर या बँडशी वाद झाला आणि तो न्यायालयाबाहेर मिटला.

कोणती आवृत्ती?

स्ट्रीमिंगवर शोधलं की बहुधा जादा मुद्रणं जोडलेली डिलक्स आवृत्ती आधी येते. पन्नास मिनिटांचा अल्बम तीन तासांचा होतो, आणि कच्ची मुद्रणं ऐकून नवा माणूस कंटाळतो. ‘डेफिनेटली मेबी’ अकराव्या गाण्यावर, ‘मॅरिड विथ चिल्ड्रन’वर, थांबवा. मॉनो व्हॅलीची टाकून दिलेली मुद्रणं २०२४ च्या आवृत्तीत आहेत. मूळ गाणी तोंडपाठ झाल्यावर ती जरूर ऐका, म्हणजे दोन स्टुडिओंतला फरक कानाला कळेल.

एलपी घेणार असाल तर बाजूची लांबी पाहा. एका बाजूवर २५ मिनिटांच्या पुढे गेलं की चर उथळ कापावे लागतात, आवाज बसतो आणि सुईची खरखर वर येते. ओएसिसचे पहिले दोन्ही अल्बम मुळातच दोन एलपींवर आले, शिवाय सीडीवर नसलेलं एकेक गाणं त्यांत आहे. ‘डिफरंट क्लास’ची जुनी आवृत्ती एकाच एलपीवर आहे, तिच्यापेक्षा सीडी बरी.

संग्रहांपैकी ओएसिसचा ‘द मास्टरप्लॅन’ आणि स्वेडचा ‘साय-फाय ललबाइज’ हे दोनच आवर्जून घ्यावेत. दोन्ही बी-साइड्सचे आहेत, आणि त्या काळी हे दोन्ही बँड सिंगलच्या मागच्या बाजूला उत्तम गाणी टाकून मोकळे होत. ‘अ‍ॅक्विएस’ हे त्यातलंच. ओएसिसचा तिसरा अल्बम ‘बी हिअर नाऊ’ सध्या बाजूला ठेवा. त्यातली गाणी संपता संपत नाहीत.

काटेकोरपणे ब्रिटपॉप नसलेलं, पण त्याच रेडिओवर वाजलेलं एक गाणं मराठी श्रोत्याने चुकवू नये: कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. ही आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं ते नॉर्मन कुकने वेग आणि पट्टी चढवून केलेलं रीमिक्स. प्लेलिस्टमध्ये बहुधा तेच सापडतं. नाचायला ते चांगलंच आहे. पण बँडचा गायक जिंदर सिंगचा निवांत आवाज आणि शब्दांत येणाऱ्या गायक-गायिकांची नावं नीट ऐकू येतात ती १९९७ च्या ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ या अल्बममधल्या मूळ, संथ गाण्यात. त्याच अल्बमच्या शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीतून गायलेलं आहे.