शेंगदाण्याचं दही: कढीवाल्यांनी नक्की घ्या

मी नाशिकची, व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही. घरी गोठा होता, गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि गोऱ्हा झाला की त्याचं पुढे काय होतं ते लहानपणापासून बघितलंय, म्हणून दूध सोडलं. चहाचं काही वाटलं नाही पण दह्यावाचून जीव कासावीस व्हायचा! आता आमच्या इथल्या एका ताईंकडून शेंगदाण्याचं दही घेते. मस्त घट्ट, आंबटपणा बरोब्बर, शेंगदाण्याचा वास थोडा येतो पण हिंग-जिऱ्याची फोडणी बसली की कळतही नाही. कढी मात्र मंद आचेवर ढवळत करा, खळखळून उकळली तर फुटते. आणि पॅकबंद घेणार असाल तर एफएसएसएआयचा (म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) हिरवा व्ही असलेला व्हीगन लोगो बघा, नुसत्या हिरव्या ठिपक्यात दूधही चालतं.